शासनाचा वकील : न्यायमूर्ती गाब्रिएल बाख यांची कारकीर्द

‘सरकारी वकील’ हा शब्द आपल्या जुन्या घरांतून थोडा बिचकतच उच्चारला जात असे. कुलाबा जिल्ह्यात वाडीच्या वाटणीचा दावा असो वा नारळीच्या बागेच्या हद्दीचा तंटा असो, आपली माणसे कोर्टाची पायरी शक्यतो चढत नसत. आणि चढलीच तर पलीकडच्या बाजूला सरकारी वकील नसावा, एवढीच त्यांची मनोमन प्रार्थना असे. सरकारी वकील म्हणजे आपल्याला दंड करू पाहणारा, आपल्या माणसाला तुरुंगात धाडू पाहणारा मनुष्य, अशी समजूत आपण मुंबईहून येताना पेटाऱ्यांतील भांड्याकुंड्यांसमवेत इकडे घेऊन आलो. इस्राएलच्या भूमीवर पाय ठेवल्यानंतरही ती फारशी बदलली असे आम्हांस वाटत नाही.

या समजुतीचा फेरविचार व्हावा, या हेतूने आम्ही आज वाचकांपुढे एका गृहस्थाची कारकीर्द ठेवीत आहोत. न्यायमूर्ती गाब्रिएल बाख हे १८ फेब्रुवारी २०२२ रोजी, वयाच्या चौऱ्याण्णवाव्या वर्षी, यरुशलायीम येथे निवर्तले. आइखमनच्या खटल्यातील एक फिर्यादी वकील एवढीच त्यांची ओळख बहुतेकांना आहे. परंतु त्या एका खटल्याच्या मागेपुढे मिळून जवळजवळ तीस वर्षे ते शासनाचे वकील होते आणि त्या काळातील मोठा भाग त्यांनी सर्वोच्च न्यायालयापुढे शासनाची बाजू मांडण्यात घालविला. हा व्यवसाय म्हणजे काय, त्यात कसोटी कशाची लागते आणि आपल्यासारख्या लहान समाजाला त्याचे महत्त्व का वाटावे, हे या चरित्रावरून जितके कळते तितके कायद्याच्या पुस्तकावरून कळणार नाही.

अपील म्हणजे काय?

प्रथम थोडे त्या कामाविषयी. इस्राएलमध्ये न्यायालयांच्या तीन पायऱ्या आहेत. तळाशी ‘बेत मिश्पात हाशालोम’, त्यावर जिल्हा न्यायालय, म्हणजे ‘मेहोझी’, आणि सर्वांत वर यरुशलायीम येथील सर्वोच्च न्यायालय. खून, बलात्कार, हेरगिरी यांसारखे गंभीर गुन्हे जिल्हा न्यायालयातच प्रथम चालतात. आणि तेथे निकाल लागल्यावर त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयाकडे अपील करण्याचा हक्क आरोपीला असतो. त्यासाठी कायद्याने पंचेचाळीस दिवसांची मुदत दिली आहे. हा हक्क एकट्या आरोपीचा नाही. आरोपी निर्दोष सुटला किंवा त्याला अल्प शिक्षा झाली, तर शासनालाही अपील करता येते. सामान्यतः तीन न्यायमूर्ती अपील ऐकतात. विशेष महत्त्वाच्या प्रकरणी अधिक.

याखेरीज सर्वोच्च न्यायालयाचे दुसरेही एक रूप आहे, ते म्हणजे ‘बागात्झ’. एखाद्या मंत्र्याने, खात्याने वा अधिकाऱ्याने अन्याय केला असे ज्याला वाटते, तो मनुष्य थेट या न्यायालयाकडे अर्ज करू शकतो. अर्जदार करोडपती असो की झाडूवाला, अर्जाला उत्तर देण्यासाठी शासनाच्या वतीने वकिलाला उभे राहावेच लागते. अपिलात आणि बागात्झमध्ये शासनाची बाजू मांडणारे हे वकील ज्या कार्यालयात काम करतात त्याला ‘प्रक्लितूत हामेदिना’ म्हणतात आणि त्याचा प्रमुख तो ‘प्रक्लीत हामेदिना’, म्हणजे राज्याचा मुख्य वकील. सरकारला सल्ला देणारा ॲटर्नी जनरल हा त्याहून वरचा अधिकारी.

खालच्या न्यायालयातील वकिली आणि अपिलाची वकिली या दोन भिन्न गोष्टी आहेत. खाली साक्षीदार येतात, रडतात, चिडतात, उलटतपासणीत अडखळतात. वर यांपैकी काही नसते. वर येतात ते कागद. साक्षीचा प्रत्येक शब्द तोवर लिहून झालेला असतो आणि क्वचित प्रसंग वगळता नवा पुरावा घेतला जात नाही. वकिलाने सहस्रावधी पृष्ठे वाचावयाची, त्यांतील नेमके कोणते वाक्य निकालाला आधार देते ते शोधावयाचे, आणि न्यायमूर्ती मध्येच थांबवून प्रश्न विचारतील त्याचे उत्तर तत्क्षणी द्यावयाचे. तेथे आवाज चढवून कोणी जिंकत नाही. जो खटला आपण चालविला नाही, जी शिक्षा आपण मागितली नाही, तिचे समर्थन करण्याची पाळीही पुष्कळदा येते. आणि समर्थन करणे योग्य नाही असे दिसले तर तसे कबूल करण्याचीही.

बर्लिन, आम्स्टरडॅम, हैफा

गाब्रिएल बाख यांचा जन्म १३ मार्च १९२७ रोजी जर्मनीतील हाल्बरश्टाट या गावी झाला. बालपण बर्लिनमध्ये गेले. हिटलर सत्तेवर आला तेव्हा ते पाच वर्षांचे होते. बर्लिनमधील थिओडोर हर्झल यांच्या नावाच्या यहुदी शाळेत ते शिकले. १९३८ च्या ऑक्टोबरात, ज्या रात्री जर्मनीतील सिनागॉग पेटविण्यात आले त्या रात्रीच्या अवघे काही दिवस आधी, त्यांचे कुटुंब हॉलंडला निघून गेले. सरहद्दीवर त्यांना गाडीतून उतरविण्यात आले, सामानाची झडती झाली, आणि गाडी सुटू लागली असता पळत जाऊन चढणाऱ्या या अकरा वर्षांच्या मुलाला एका नाझी शिपायाने मागून लाथ घातली. जर्मनीने आपणास अक्षरशः लाथ मारून हाकलले, ही आठवण बाख पुढे हसत सांगत.

हॉलंडमध्येही मुक्काम लांबला नाही. १९४० मध्ये जर्मन सैन्य तेथे घुसण्यास जेमतेम एक महिना उरला असता हे कुटुंब ‘पात्रिया’ नावाच्या जहाजाने एरेत्झ इस्राएलला येऊन पोहोचले. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात हेच जहाज हैफाच्या बंदरात स्फोट होऊन बुडाले आणि त्यावरील दोनशेंहून अधिक निर्वासित प्राणांस मुकले. दोन वेळा अशा प्रकारे मृत्यूच्या पुढे अगदी थोड्या अंतराने निसटलेला हा मुलगा होता. आपल्या वाचकांपैकी बहुतेकांना, परमेश्वराच्या कृपेने, असे काही भोगावे लागले नाही. भारतात आपणास कोणी यहुदी म्हणून हाकलले नाही. आपण आलो ते स्वेच्छेने आलो. म्हणून या जहाजाने आलेल्यांचे अंतःकरण समजून घेण्यासाठी आपल्याला थोडे अधिक थांबावे लागते.

महायुद्धानंतर बाख यांनी लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात कायद्याचे शिक्षण घेतले आणि लिंकन्स इनमधून ते बॅरिस्टर झाले. मुंबईचे कितीतरी नामांकित वकील ज्या पायऱ्या चढून बॅरिस्टर होऊन आले, त्याच या पायऱ्या. इस्राएलच्या कायद्यातही त्या काळी इंग्रजी अमलाचा मोठा वारसा शिल्लक होता. ही गोष्ट मुंबईच्या हायकोर्टाच्या सावलीत वाढलेल्या आपल्या मंडळींना नवी वाटू नये. १९५३ मध्ये बाख राज्याच्या मुख्य वकिलाच्या कार्यालयात दाखल झाले. खाजगी वकिलीत अधिक पैसा होता. ते तिकडे गेले नाहीत.

लाल कोट

११ मे १९६० रोजी आडोल्फ आइखमनला आर्जेंटिनातील ब्युनोस आयर्स येथे पकडण्यात आले. २३ मे रोजी पंतप्रधान बेन गुरिऑन यांनी ही वार्ता क्नेसेतमध्ये जाहीर केली. तपासासाठी पोलिसांनी ‘ब्यूरो ०६’ या नावाचे खास पथक उभारले आणि त्याचे कायदेविषयक सल्लागार म्हणून बाख यांची नेमणूक झाली. वय वर्षे तेहतीस. हैफाजवळच्या छावणीत आइखमनला ठेवले होते आणि बाख यांनी तेथेच महिनोन्‌महिने काढले. फिर्यादी वकिलांपैकी आरोपीला समक्ष भेटणारे ते एकटेच.

पहिल्या भेटीची हकीकत त्यांनीच पुष्कळदा सांगितली आहे. त्या दिवशी ते आउश्विट्झचा कमांडंट रुडॉल्फ ह्योस याचे आत्मचरित्र वाचीत बसले होते. दिवसाला किती सहस्र माणसे मारली जात, लहान मुले गुडघे टेकून कशी विनवीत, हे त्यात त्या मनुष्याने थंडपणे लिहून ठेवले आहे. ते पान वाचून काही मिनिटे होतात न होतात तोच निरोप आला, की आरोपीला आपणास भेटावयाचे आहे. पावले वाजली, आइखमन येऊन समोर बसला, आणि चेहऱ्यावर काहीही दिसू न देता त्याच्याशी बोलणे भाग पडले. शासनाच्या वकिलाची पहिली कसोटी ही अशी लागली.

खटला ११ एप्रिल १९६१ रोजी यरुशलायीममधील ‘बेत हाआम’ येथे सुरू झाला. न्यायाधीश तीन : मोशे लांदाउ, बिन्यामीन हालेवी आणि यित्झाक रावेह. फिर्यादी पक्षाचे नेतृत्व ॲटर्नी जनरल गिदोन हाउस्नर यांच्याकडे होते. बाख आणि याकोव बार-ओर हे त्यांचे साहाय्यक. आरोपीचा वकील रोबेर्ट सेर्वाटियस हा जर्मनीतून आला होता. परदेशी वकिलाला उभे राहता यावे यासाठी इस्राएलने कायद्यात दुरुस्ती केली, आणि त्याचे शुल्कही इस्राएलच्याच तिजोरीतून दिले गेले. शंभराहून अधिक साक्षीदार झाले.

हंगेरीतील यहुद्यांचे प्रकरण बाख यांच्याकडे होते. १९४४ च्या मे महिन्याच्या मध्यापासून जुलैच्या आरंभापर्यंत, म्हणजे जेमतेम आठ आठवड्यांत, तेथून सुमारे चार लक्ष सदतीस सहस्र माणसे पाठविण्यात आली, त्यांतील बहुतेक आउश्विट्झला. डॉ. मार्टिन फोल्डी नावाचे साक्षीदार उभे राहिले. आउश्विट्झच्या फलाटावर त्यांची पत्नी आणि लहानगी मुलगी एका बाजूला धाडली गेली. मुलालाही नंतर त्यांच्यामागे पाठविण्यात आले. त्या प्रचंड गर्दीत मुलाला आपली आई सापडेल की नाही या चिंतेने पिता पाहत राहिला. पत्नी दिसेनाशी झाली, मुलगा दिसेनासा झाला; दिसत राहिला तो केवळ मुलीच्या अंगातील लाल कोट. तो ठिपका लहान लहान होत गेला. त्याच्या कुटुंबाचे त्याला घडलेले ते अखेरचे दर्शन.

बाख यांची कन्या त्या वेळी अडीच वर्षांची होती आणि काही दिवसांपूर्वीच त्यांनी तिच्यासाठी लाल कोट विकत आणला होता. पुढचा प्रश्न विचारावयाचा, तर त्यांच्या तोंडून शब्द फुटेना. सभागृह स्तब्ध. न्यायाधीश वाट पाहू लागले, चित्रीकरण करणारे त्यांच्याकडे वळले, आणि हा वकील हातांतील कागद उगाच चाळीत उभा राहिला. काही वेळाने त्याने आवाज सावरला आणि पुढचा प्रश्न विचारला. त्यानंतर आयुष्यभर, रस्त्यात वा खेळाच्या मैदानावर लाल कोटातील लहान मूल दिसले की आपले काळीज धडधडू लागते, असे ते सांगत असत.

दुसरी पायरी

१५ डिसेंबर १९६१ रोजी आइखमनला देहान्ताची शिक्षा झाली. पुष्कळांच्या मनाने तेथेच प्रकरण मिटले होते. साऱ्या जगाने पुरावा ऐकला होता. आता आणखी काय तपासावयाचे? परंतु कायद्यापुढे आइखमन हाही एक आरोपी होता आणि त्याला अपिलाचा हक्क होता. २२ मार्च १९६२ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींपुढे सुनावणी सुरू झाली : अध्यक्ष यित्झाक ओल्शान, शिमोन अग्रनात, मोशे झिल्बर्ग, योएल झुस्मान आणि आल्फ्रेड वित्कोन.

येथे अश्रूंचा काही उपयोग नव्हता. सेर्वाटियसचे मुद्दे कायद्याचे होते आणि ते पोकळ नव्हते. ज्या कायद्याखाली शिक्षा झाली तो १९५० चा, आणि गुन्हे त्याआधीचे. मग मागाहून केलेला कायदा कसा लागू होतो? गुन्हे घडले युरोपात, आणि त्या वेळी इस्राएलचे राज्यच अस्तित्वात नव्हते. मग या न्यायालयाला अधिकार कोठून आला? आरोपीला परक्या देशातून पळवून आणले. मग खटला वैध कसा? आणि जे केले ते राज्याचे कृत्य होते, वरिष्ठांची आज्ञा होती. मग दोष एका अधिकाऱ्याचा कसा? या प्रत्येक प्रश्नाला शासनाला उत्तर द्यावे लागले; कागदावर, कायद्याच्या आधारासह.

न्यायालयाने २९ मे १९६२ रोजी निकाल दिला आणि अपील फेटाळले. मानवजातीविरुद्धचे असे अपराध हे सर्वच राष्ट्रांच्या कायद्याविरुद्धचे अपराध होत आणि अपराधी ज्या राष्ट्राच्या हाती असेल त्याला त्याचा न्याय करण्याचा अधिकार आहे, हे तत्त्व त्या निकालाने ठामपणे मांडले. पुढील काळात जगातील अनेक न्यायालयांनी त्याचा आधार घेतला. वरिष्ठांच्या आज्ञेच्या मुद्द्यावर तर सर्वोच्च न्यायालय खालच्या न्यायालयाच्याही पुढे गेले : यहुद्यांच्या बाबतीत आइखमन हा आज्ञेचा ताबेदार नव्हता, तो स्वतःच आपला वरिष्ठ होता. याचे मर्म ध्यानात यावे म्हणून हंगेरीच्या प्रकरणातील एक तार सांगतो. १९४४ च्या उन्हाळ्यात काही सहस्र यहुदी कुटुंबांना देशाबाहेर जाऊ देण्याची सवलत स्वतः हिटलरने मान्य केली होती. बुडापेस्टमधील जर्मन प्रतिनिधीने बर्लिनला कळविले, की आइखमनला हे मान्य नाही आणि तो या निर्णयाचा फेरविचार व्हावा म्हणून खटपट करणार आहे. जो मनुष्य हिटलरने दिलेली सवलतही हाणून पाडू पाहतो, त्याने ‘मी केवळ आज्ञा पाळली’ असे म्हणावे काय? ही तार बाख यांना पुराव्यातील अत्यंत बोलकी वाटत असे. अपिलाच्या वकिलाचे काम ते हेच : कागदांच्या डोंगरातून असा एक कागद वर काढणे.

राष्ट्राध्यक्ष यित्झाक बेन-झ्वी यांनी दयेचा अर्ज नाकारला आणि ३१ मे १९६२ च्या मध्यरात्री रामले येथील तुरुंगात शिक्षेची अंमलबजावणी झाली. ज्या रामलेमध्ये आज आपली कितीतरी कुटुंबे नांदत आहेत, तेच हे गाव. इस्राएलच्या इतिहासात दिवाणी न्यायालयाने दिलेली देहान्ताची शिक्षा प्रत्यक्षात आल्याचे हे एकमेव उदाहरण होय.

राज्याचा मुख्य वकील

१९६१ मध्ये बाख उपमुख्य वकील झाले आणि १९६९ ते १९८२ या काळात ते मुख्य वकील होते. या वर्षांतील दोन प्रकरणे आम्ही निवडीत आहोत.

पहिले मायर लान्स्की याचे. अमेरिकेतील जुगाराच्या धंद्याचा सूत्रधार म्हणून कुप्रसिद्ध असलेला हा गृहस्थ १९७० मध्ये इस्राएलला आला आणि ‘खोक हाश्वूत’, म्हणजे ज्या परतीच्या कायद्याने आपण सारे येथे आलो त्याच कायद्याने, नागरिकत्व मागू लागला. गृहमंत्र्यांनी नकार दिला. तो सर्वोच्च न्यायालयात गेला. तेथे शासनाची बाजू बाख यांनी मांडली. यहुदी माणसाला या देशाचे दार बंद करावे, असे यहुदी राज्याच्या वकिलाने सांगणे ही काही सुखाची गोष्ट नव्हे. परंतु ज्याचा गुन्हेगारी पूर्वेतिहास सार्वजनिक हिताला धोका पोहोचवील त्याला नाकारता येईल, अशी तरतूद त्या कायद्यात १९५४ पासूनच आहे. प्रश्न एवढाच होता, की ती येथे लागू पडते काय आणि त्याला पुरावा कोणता. सप्टेंबर १९७२ मध्ये न्यायालयाने शासनाचे म्हणणे मान्य केले.

दुसरे प्रकरण शासन हरले त्याचे. १९७९ मध्ये नाब्लूसनजीक एलोन मोरे ही वसाहत वसविण्यासाठी खाजगी जमीन लष्कराने ताब्यात घेतली. जमीनमालक अरब गावकऱ्यांनी बागात्झकडे अर्ज केला. सुरक्षिततेसाठी ही जमीन आवश्यक आहे, असे सरसेनापतींचे मत होते. संरक्षणमंत्र्यांचे मत तसे नव्हते. मंत्रिमंडळातील हा मतभेद न्यायालयापासून दडून राहिला नाही. निकालपत्रातही त्याची नोंद झाली. २२ ऑक्टोबर १९७९ रोजी न्यायालयाने जमीन परत करण्याचा आदेश दिला. निकाल लिहिणारे न्यायमूर्ती होते मोशे लांदाउ, आइखमन खटल्याचे अध्यक्ष. या निकालाच्या राजकीय बाजूविषयी आमच्या वाचकांत नाना मते आहेत आणि तो वाद येथे उकरून काढण्याचा आमचा मानस नाही. आम्हांस सांगावयाचे ते एवढेच, की शासनाच्या वकिलाचे न्यायालयाशी नाते हे कोणत्याही अशिलाच्या वकिलापेक्षा निराळे असते. त्याने न्यायालयाला अर्धसत्य सांगितले तर न्यायालय त्याच्यावर पुन्हा विश्वास ठेवणार नाही. आणि ज्या शासनाच्या शब्दावर न्यायालयाचा विश्वास नाही, ते शासन खरे असतानाही हरते.

१९८२ मध्ये बाख सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती झाले आणि १९९७ पर्यंत त्या आसनावर राहिले. १९८४ च्या निवडणुकीत ते मध्यवर्ती निवडणूक समितीचे अध्यक्ष होते. त्या समितीने दोन पक्षांना बाद ठरविले आणि सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय फिरविला. ज्याने आयुष्यभर इतरांच्या निकालांवरील अपिले लढविली, त्याच्या समितीचा निर्णयही वरच्या पायरीवर तपासला गेला. यात कोणाचा मानभंग झाला नाही; पायरी असते ती यासाठीच. त्यांच्या हाताखाली काम केलेल्या दोरित बेइनिश याही पुढे राज्याच्या मुख्य वकील आणि नंतर, २००६ ते २०१२ या काळात, सर्वोच्च न्यायालयाच्या अध्यक्षा झाल्या.

मुंबईची एक आठवण

आमच्या ज्येष्ठ वाचकांना या सर्व हकीकतीवरून मुंबईतील एक खटला आठवल्यावाचून राहणार नाही. १९५९ मध्ये नौदलातील कमांडर नानावटी यांनी प्रेम आहुजा यांच्यावर गोळ्या झाडल्या. सेशन्स कोर्टाच्या ज्यूरीने आठ विरुद्ध एक मताने नानावटींना निर्दोष ठरविले, रस्त्यांत जयघोष झाला. परंतु न्यायाधीशांना तो कौल पुराव्याशी विसंगत वाटला आणि त्यांनी प्रकरण हायकोर्टाकडे धाडले. तेथे, लोकमताच्या त्या पुराविरुद्ध, शासनाची बाजू मांडली ती पुण्याचे यशवंत विष्णु चंद्रचूड यांनी. १९६० मध्ये हायकोर्टाने जन्मठेप दिली, १९६१ मध्ये सुप्रीम कोर्टाने ती कायम केली. हेच चंद्रचूड पुढे १९७८ ते १९८५ भारताचे सरन्यायाधीश झाले. एक मुंबईत आणि एक यरुशलायीममध्ये, पण त्या दोन-तीन वर्षांत दोघांच्या हातचे काम एकच होते : भावनेचा गलका ओसरल्यावर पुरावा काय म्हणतो ते शांतपणे सांगणे.

आणि अपिलाने निकाल उलटल्याचे उदाहरण इस्राएलमध्येही आहे. ‘त्रेब्लिंकाचा क्रूर इवान’ म्हणून जॉन देम्यान्यूक याला १९८८ मध्ये देहान्ताची शिक्षा झाली होती. शोआतून वाचलेल्यांनी त्याला ओळखले होते. परंतु अपील प्रलंबित असता सोव्हिएत संग्रहांतून जुन्या पहारेकऱ्यांचे जबाब हाती आले आणि त्यांत दुसऱ्याच इसमाचे नाव होते. ते कागद न्यायालयापुढे आले. २९ जुलै १९९३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने संशयाचा फायदा देऊन त्याला मुक्त केले. अनेकांची अंतःकरणे त्या दिवशी पोळली. तरीही आम्ही म्हणू, की १९६२ च्या निकालाला वजन आहे ते १९९३ चा निकालही शक्य होता म्हणूनच. जेथे अपील नाकारलेच जाणार हे आधी ठरलेले असते, तेथे फेटाळलेल्या अपिलाला काही अर्थ नसतो.

आपला त्यात काय संबंध?

वाचक विचारतील, की आपल्या बेने इस्राएल समाजाचा या थोरामोठ्यांच्या गोष्टींशी काय संबंध? संबंध आहे. १९६२ च्या फेब्रुवारीत, म्हणजे आइखमनचे अपील सुनावणीस येण्यापूर्वी एकच महिना, आपल्या लोकांच्या विवाहांविषयी, वंशाविषयी पिढ्यान्‌पिढ्या मागे जाऊन चौकशी करावी असे सांगणारे परिपत्रक निघाले. ज्या राज्याने आपल्या सर्वांत मोठ्या शत्रूलाही दुसऱ्या पायरीवर म्हणणे मांडू दिले, त्याच राज्यात, त्याच महिन्यांत, आपल्या मुलामुलींना लग्नाच्या नोंदणीसाठी गेले असता आजीपणजीचा हिशेब द्यावा लागत होता. तो निकाल आपल्याविरुद्ध कोणी, कोणत्या पुराव्यावर दिला, हे विचारावयाचे तर पायरी कोणती? तेव्हा आपल्या वडीलधाऱ्यांनी स्वतःच एक पायरी बांधली. १९६४ च्या उन्हाळ्यात ते यरुशलायीमला जाऊन बसले; बायकामुलांसह बसले. आणि त्या ऑगस्टात क्नेसेतने ठराव करून जाहीर केले, की बेने इस्राएल हे सर्व बाबतींत यहुदीच आहेत. परिपत्रकाचे शब्द बदलावे लागले.

ते आपले अपील होते. त्यात काळा झगा घातलेला वकील नव्हता, कायद्याचे ग्रंथ नव्हते. परंतु ‘आधीचा निकाल चुकला आहे, पुन्हा पाहा’ हेच मागणे होते. म्हणूनच निकाल पुन्हा पाहण्याची सोय ज्या व्यवस्थेत आहे तिची किंमत आपल्याला इतरांहून अधिक कळावयास हवी.

आज आपली मुले विद्यापीठांतून कायद्याचे शिक्षण घेत आहेत. पदवी, प्रशिक्षणाचा काळ, वकिलीची परीक्षा, हे टप्पे पार केल्यावर प्रक्लितूतची वाट सर्वांना खुली आहे. पगार बाहेरच्याहून कमी, कागद मात्र अधिक. आणि वर्तमानपत्रांत नाव येते ते बहुधा हरल्यावर. आईवडिलांना वाटेल, की मुलाने खाजगी कार्यालय थाटावे, चार पैसे गाठीला बांधावे. ते स्वाभाविक आहे. परंतु एखाद्या मुलीला वा मुलाला शासनाचा वकील व्हावेसे वाटले, तर त्याला जुन्या भीतीने अडवू नये, एवढेच आमचे सांगणे. सर्वोच्च न्यायालयात शासनाच्या बाजूचे टेबल आहे, त्याच्यासमोर उद्या दिमोनाचा वा लोदचा कोणी सामान्य माणूस अर्ज घेऊन उभा राहील. त्या वेळी टेबलापलीकडच्या वकिलाला ठाऊक असावे, की परिपत्रकाच्या एका ओळीने घरात काय काय होते. आपल्या घरात वाढलेल्या मुलाला ते निराळे शिकवावे लागणार नाही.